शेवटची घार मोजायची नसते

गणित शिकवणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त छळतो तो एकाचा फरक. मुलाचं उत्तर पन्नासने चुकलं तर चूक कुठे झाली ते लांबूनही दिसतं. एकाने चुकलं की अख्खी वही पालथी घालावी लागते. मी बावीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवते आहे आणि एका हिवाळ्यात मी रोज संध्याकाळी एकाने चुकत होते. माझी चूक काढणारी बाई शाळेत गेलेली नव्हती, तिला चष्मा नव्हता, आणि तिचं निम्मं लक्ष म्हशीकडे असायचं.

कर्नाटकात, बीदर जिल्ह्यातल्या खटकचिंचोळीपासून स्कूटरवर वीस मिनिटांवर एक तळं आहे. त्याच्या बांधावर, पाणी सोडायचं चाक फिरवायला, कधीकाळी एक दगडी चौथरा बांधलेला आहे. चाक गंजून जागच्या जागी बसलंय, चौथरा शाबूत आहे. त्यावर उभं राहिलं की डाव्या हाताला पाणी आणि उजव्या हाताला तांबड्या मातीचा, पाण्याकडे उतरत जाणारा एक माळ दिसतो. कमरेइतकं गवत. दसरा झाला की या गवतात पाहुणे यायला लागतात.

पुस्तकात त्यांना भोवत्या म्हणतात. गावात त्यांना घारच म्हणतात, कारण चोच वाकडी असली की आमच्याकडे सगळीच घार. घारीपेक्षा हे पक्षी अंगाने सडपातळ, पंख लांब, आणि उडणं असं की जमिनीवर काही सांडलंय आणि ते शोधत चाललेत. हिमालयाच्याही पलीकडून येतात. दिवसभर तुरीवरून, करडईवरून नाकतोडे टिपत हिंडतात आणि दिवस मावळताना एकेक करून या माळावर जमतात. झाडावर बसत नाहीत. दोन-चार घिरट्या घालतात, पाय खाली सोडतात आणि गवतात बुडी मारतात. ती बुडी मी स्टाफरूममध्ये पदर पसरून करून दाखवत असे. मुख्याध्यापक आत आले आणि मी जमिनीवर बसलेली होते, असं दोनदा झालंय. तिसऱ्यांदा ते दारातूनच परत गेले.

पक्षी मोजणाऱ्या काही मंडळींनी एका रविवारी आम्हां हौशी लोकांना ही मोजणी शिकवली, एक छापील तक्ता दिला, आणि हातात मावणारं एक यंत्र दिलं. अंगठ्याने दाबलं की आकडा एकाने पुढे जातो. पक्षी गवतात उतरला की एकदा दाबायचं. बस. उडणारे मोजायचे नाहीत, कारण तेच ते फिरून येतात.

पहिल्याच आठवड्यात, मी दुर्बीण डोळ्याला लावून उभी असताना, खालून आवाज आला.

"बाई, काय हारवलंय का तळ्यात?"

खाली एक म्हैस होती आणि तिच्या मागे साठी ओलांडलेल्या एक बाई, डोक्यावर पदर, हातात पळसाची फोक. माळ त्यांचा होता. गाव त्यांना अक्का म्हणायचं, मीही म्हणू लागले. म्हशीवर त्या कन्नडात ओरडत, बस कंडक्टरशी दखनीत भांडत आणि माझ्याशी मराठीत बोलत.

"घारी मोजतेय, अक्का."

"कामून?"

मी चौथऱ्यावरूनच व्याख्यान दिलं. बर्फ, डोंगर, वाळवंट, हजारो कोस, सगळं हातवारे करून. अक्कांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. म्हशीनेही ऐकलं.

"मग आज किती झाल्या?"

"बाहत्तर."

"एकाहत्तर," अक्का म्हणाल्या आणि म्हैस हाकत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या एकोणऐंशी, त्यांच्या अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्या दिवशी माझ्या चौसष्ट, त्यांच्या त्रेसष्ट. त्या चौथऱ्याच्या पायरीवर बसत. मांडीवर खडे असत. वीस पक्षी उतरले की एक खडा डावीकडून उजवीकडे. ओठ जरासे हलायचे, बाकी काही नाही. बीदरची सरावाची विमानं डोक्यावरून गर्जत गेली आणि माझा अंगठा थबकला, तरी त्यांचा खडा थबकत नसे.

मी यंत्र तपासलं. डोळे तपासून घेतले. एकाच पक्ष्याला दोनदा दाबत असेन असं समजून अंगठा आवळून धरला. फरक तेवढाच. आठव्या दिवशी मी हरले. त्यांनी आकडा सांगितला की तो गुपचूप तक्त्यात लिहायला लागले. परीक्षेत शेजारचं बघून लिहिणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं करते. तो अख्खा हिवाळा मी चौथऱ्यावर उभीच होते, त्यामुळे शिक्षा आपोआप होत होती असं म्हणता येईल.

उलगडा झाला ज्वारीच्या राशीच्या दिवसांत. आता मळणी सगळी यंत्रावर होते, पण अक्का एका तुकड्यातली ज्वारी अजून स्वतःच्या खळ्यावर करतात. त्यांनी मला हुरडा संपल्यावर बोलावलं, याबद्दल मी अजून त्यांना बोलते. रास मोजायला त्या स्वतः बसल्या होत्या. नवरा गेल्यावर माप बाईच्या हातात कसं, म्हणून गावाने बरीच कुजबुज केली होती. त्यांनी दोन हंगाम मोजून दाखवलं, मग कुजबुज दमली. पायली भरायची, हाताने सपाट करायची, पोत्यात ओतायची, विसाला एक खडा. तोच ताल. मी खडा ओळखला.

खाली जमीन दिसायला लागली. पायलीभर, फार तर सव्वा पायली ज्वारी उरली होती, मातीत मिसळलेली. अक्कांचा हात थांबला. त्यांनी पायली पालथी घातली.

"ही राहिली की," मी म्हणाले.

"ते मातेरं."

"मोजायचं नाही?"

"तळ दिसला की हात थांबवायचा. शेवटचं माप मोजायचं नसतंय, बाई. ते मोजणाऱ्याचं नसतंय. राबलेल्या माणसाचं, चिमणीचं, मुंगीचं. तळापत्तोर मोजलं तर रास उटून जाती. फिरून येत न्हाई."

माझ्या डोक्यात काहीतरी सरकलं.

"अक्का, आणि घारी?"

"घारी बी तसंच."

"म्हणजे रोज तुम्ही एक सोडताय?"

"शेवटची. सगळ्यात मागून येती ती."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलाव कुठं? तुमी तर गुमान माझं बघून लिहायलाव."

त्यांना सगळं ठाऊक होतं.

मी तक्ता पाठवताना खाली टीप लिहिली की यात रोज एक मातेरं वाढवून धरावं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. हा पक्षी आमच्या यादीत नाही, कृपया वर्णन आणि जमल्यास छायाचित्र पाठवा. मी वर्णन पाठवलं: आकाराने इतरांसारखाच, सवय उशिरा येण्याची. अजून काही आलेलं नाही.

इथपर्यंत सगळी गंमत होती. पुढच्या हिवाळ्यात माळावरच बेतलं.

अक्कांना एकच मुलगा. चाळिशीचा, अंगाने आईसारखा काटक आणि जिभेनेही तसाच. सगळे त्याला अण्णा म्हणत. शेजारच्या उतारांवर तळ्यातून पाणी ओढणाऱ्या मोटारी बसल्या होत्या आणि ऊस डोलत होता. मध्ये हा एकच तुकडा गवताचा. अण्णाचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. त्याच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या आणि दोघींना पुढे शिकायचं होतं.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी तो बांधावर आला. आम्ही दोघी नेहमीच्या जागी होतो.

"माय, ह्या गवतावर एक म्हस पोसायली. ऊस लावलो तर चौघं पोसतेत."

"आन् घारी कुठं बसतील?"

"म्हाराष्ट्र काय लांब हाय? तितं बसतील. त्यांना कुठं रेशनकार्ड लागतंय."

"शंभर जीव बसतेत तितं."

"शंभर," अण्णा हसला. "लगीनघरातल्या पंगतीवानी सांगायलीस. शंभर कवा बसले?"

"मागल्या साली बसलेत. बाईला इचार."

मी मान डोलावली. मागच्या साली चांगल्या दिवशी एकशे दहा-बारा झाले होते.

"बरं," अण्णा म्हणाला. "यंदा एका दिवशी शंभर मोजून दाव. येळवशीपत्तोर. भरले तर मी हात लावत न्हाई, जितं हाय तितं. न्हाई भरले तर संक्रांत झाली की टॅक्टर घालतो. मंजूर?"

"मंजूर," अक्का म्हणाल्या, इतक्या सहज की मला वाटलं म्हशीच्या चाऱ्याचं काही ठरलं असावं. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्ष संपताना असते.

माळ नांगरला की ते पक्षी पुन्हा इथे उतरणार नाहीत, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. अक्कांना ते कसं ठाऊक होतं कोण जाणे. पण त्या दिवसापासून त्यांनी म्हैस घरी बांधायला सुरुवात केली. दुपार कलली की पायरीवर येऊन बसत. मी चार वाजता शाळा सुटली की येई. गवत वाऱ्याने जरा हललं तरी आम्हां दोघींच्या माना एकदम वळत.

आणि त्या वर्षी पक्षी कमी होते. पाऊस लांबला म्हणून, नाकतोडे कमी म्हणून, की वाटेतच कुठे त्यांचं काही बिनसलं, मला सांगता येत नाही. चौऱ्याऐंशी झाले. एक्क्याण्णव झाले. परत अठ्ठ्याऐंशी. मार्गशीर्षाच्या शेवटी एका संध्याकाळी शहाण्णव झाले आणि त्या रात्री मला झोप नीट लागली नाही.

मी अक्कांच्या मागे लागले. "यंदापुरतं मातेरं धरा की."

"धरलं की मग मातेरं कसलं?"

"अहो, तो पक्षी खराच बसतो. मी काय खोटं सांगते?"

"बसतो की. मी कुठं न्हाई म्हणायले."

आता हे काय उत्तर झालं? मी, एका मार्कासाठी पालकांशी अर्धा तास हुज्जत घालणारी बाई, मनातल्या मनात शंभर लिहून मोकळी झाले होते. एकदोन कमी पडले असते तर अंगठ्याने दोनदा जास्त दाबायचं, हेही ठरवलं होतं. कॉलेजात मी नाटकात काम केलेलं आहे, त्यामुळे चेहरा सांभाळता येतो असा माझा समज होता. अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, ते यंत्र आज माझ्यापशी द्या." पुढचे तीन दिवस ते त्यांच्या कनवटीला होतं आणि आपलं आपण टिकटिकत होतं.

येळवस आली. आमच्या भागात त्या दिवशी गावात माणूस राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, त्यात पांडवांची पूजा, आंबील, ज्वारीचे उंडे आणि ती हिरव्या भाज्यांची भज्जी, जिचं वर्णन करायला घेतलं तर ही गोष्ट इथेच राहील. मला अक्कांच्या शेतात बोलावणं होतं. ‘ओलगे’ असा पुकारा करत आंबील शिवारभर शिंपडून झाली. अण्णाने ती शिंपडताना माळाच्या कडेलाही दोन थेंब टाकलेले मी पाहिले. दुपारी मला त्याने तीन वेळा वाढलं आणि प्रत्येक वेळी म्हणाला, "खा बाई, पुढल्या येळवशीला इतं ऊस असंल."

ऊन उतरलं तसा तो हात धुऊन उठला.

"आज मी मोजतो," तो म्हणाला. "माय घारींची. बाई मायच्या. तुमचं दोघींचं मोजणं मला चालत न्हाई."

त्यात खोट काढायला जागा नव्हती. आम्ही तिघं बांधावर गेलो. मागून शेजारची पाच-सहा माणसंही आली, पोटं भरलेली, काहीतरी बघायला मिळणार म्हणून खुशीत. अण्णा चौथऱ्यावर चढला. अक्कांनी पाच खडे त्याच्या डाव्या हातात दिले. मी यंत्र मागितलं. त्यांनी ते दिलं, पण माझ्या शेजारी अगदी दंडाला दंड लावून बसल्या.

पहिला पक्षी आला. अण्णाने मोठ्याने, कीर्तनात म्हणतात तसं म्हटलं, "एक." माणसं हसली. दुसरा, तिसरा. दहापर्यंत त्याचा तमाशा चालला. "या, या, बसून घ्या, पंगत सुरू हाय." मग ते भराभर यायला लागले, तळ्यावरून, तुरीच्या पट्ट्यावरून, तांबूस उजेडात, आणि त्याला बोलायला सवड राहिली नाही. आवाज खाली आला. पहिला खडा उजव्या हातात गेला. दुसरा गेला. मग मला त्याचे फक्त ओठ हलताना दिसले. अक्कांनी मला कोपराने हळूच ढोसलं. त्यांच्या डोळ्यांत त्या वेळी जे होतं ते माझ्यासाठी नव्हतं. त्या मुलाच्या उभ्या राहण्याकडे बघत होत्या. माझ्या मागे कोणीतरी पुटपुटलं, "अगदी बापावानी मोजायलाय."

तिसरा खडा. चौथा खडा. ऐंशी झाले होते आणि आकाशात अजून पंधरा-वीस दिसत होते. मी पुढे झुकले. नव्वद. पंच्याण्णव. मग उशीर. तळ्याचं पाणी राखी झालं. दोन एकदम आले. सत्त्याण्णव. एक करडईवरून अगदी खालून आला, सरळ गवतात. अठ्ठ्याण्णव. माझा अंगठा घामाने घसरत होता. नव्याण्णव.

आणि एक राहिला. एकटाच, पांढुरका नर. दुसऱ्या कुठल्याच बाजूला काही नव्हतं. त्याने माळाच्या खालच्या अंगाला, पाण्याजवळ, एक घिरटी घातली. दुसरी घातली. सगळ्यांनी तो पाहिला. अण्णाच्या डाव्या हातात पाचवा खडा होता. पक्ष्याने पाय सोडले, पंख वर केले आणि गवतात बुडाला.

मी यंत्र दाबलं. शंभर.

अण्णाचे ओठ हलले नाहीत. खडा डाव्या हातातच राहिला. त्याने तो हात हळूच पालथा केला, पायली पालथी घालतात तसा, आणि खडा चौथऱ्यावर पडला.

"नव्याण्णव," तो म्हणाला.

मी उठणार होते. माझं तोंड उघडलंही होतं. अक्कांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मी बी नव्याण्णवच मोजले."

"अक्का," मी म्हणाले, "शंभरावा बसला. सगळ्यांनी बघितला."

"मी बी बघितलो की," अण्णा म्हणाला. तो अजून पाण्याकडेच बघत होता. त्याने फसवलं नव्हतं. त्याला मोजायचं ठाऊक होतं तसंच त्याने मोजलं होतं. हात आपला आपण थांबला होता, आणि थांबल्यावर त्याला कळलं होतं की थांबला. त्याच्या चेहऱ्यावर ते सरळ दिसत होतं. जिंकलेला माणूस असा दिसत नाही.

"पैज तू जिंकलास," अक्का म्हणाल्या. "घाल टॅक्टर."

"घालतो."

"घाल की. मी कुठं आडवायले."

मग अक्कांनी, जणू गुरांचं काही विचारावं तसं, विचारलं, "मातेरं कुणाचं असतंय रं?"

अण्णा चौथऱ्यावरून उतरला. खडे आईच्या ओटीत टाकले. "मोजणाऱ्याचं नसतंय," तो म्हणाला आणि कोपीकडे चालायला लागला. चार पावलांवर थांबून त्याने मागे बघितलं. "माय, तू लई वस्ताद हाईस."

"मोजलास तू," अक्का म्हणाल्या.

संक्रांत झाली. ट्रॅक्टर आला. मी शाळेतून रजा टाकून गेले आणि चौथऱ्यावर उभी राहिले, जणू माझ्या उभं राहण्याने फाळ बोथट होणार होता. वरचा माळ दोन दिवसांत लाल झाला. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर खालच्या अंगाला आला आणि जिथे तो शेवटचा पांढुरका नर बसला होता त्याच्या बऱ्याच वर वळला. पाण्यालगतचा गवताचा पट्टा तसाच राहिला. साधारण माळाचा तिसरा हिस्सा असेल. एका पक्ष्याला इतकं गवत लागत नाही.

मी अण्णाला विचारलं, ते का सोडलं.

"तितं दगड लई हायेत, बाई. फाळ मोडंल."

नंतर मी त्या पट्ट्यात फिरून आले. मुठीएवढाही दगड सापडला नाही. मी हे त्याला सांगितलेलं नाही.

आता वरच्या अंगाला ऊस आहे. अण्णाची थोरली बीदरला शिकते आणि सुट्टीत आली की माझं यंत्र मागते. अक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशनला त्या येत नाहीत, म्हणतात बघायचं ते बघून झालं. संध्याकाळी तरी पायरीवर येऊन बसतात. पक्षी त्यांना दिसत नाहीत. मी मोजते, मोठ्याने, आणि विसाला त्या खडा सरकवतात.

या हिवाळ्यात खालच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त बसले ते एकसष्ट. शंभराच्या मानाने फार कमी. त्या दिवशी साठावर माझा आवाज थांबला. एक अजून पाण्यावर घिरटी घालत होता.

"किती?" अक्कांनी विचारलं.

"साठ."

"तळ दिसला?"

"दिसला."

"मग थांबलाव न्हवं?"

"थांबले."

पक्षी गवतात उतरला. मी अंगठ्याने यंत्र दाबलं. तोंड बंद ठेवलं, पण टिक झालीच, आणि अक्कांचे कान अजून शाबूत आहेत. त्यांनी खडे ओटीत भरून घेतले आणि उठायला माझ्याकडे हात केला.

तक्त्यावर मी एकसष्टच लिहिते. त्या मंडळींना खरा आकडा हवा आणि तो त्यांना मिळतो. बांधावर मात्र साठच म्हणते. एका प्रश्नाची अशी दोन उत्तरं माझ्या वर्गात कुणी लिहिली असती तर मी दोन्हीवर लाल फुली मारली असती. हल्ली तसा पेपर समोर आला की मी जरा वेळ पेन हातात धरून बसते.